माकडटोपीवाले सार

चेन्नईत भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात रस्त्याकडेच्या टपरीवर उभं राहून, लोकरीची माकडटोपी कानांखाली ओढून गरम कॉफी पिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शोळिंगनल्लूरला आमच्या कंपनीच्या फाटकासमोर ती टपरी होती. मी नुकतीच इस्लामपूरहून तिथे नोकरीला आले होते आणि घामाने जीव नकोसा झाला होता. पहिल्या दिवशी मला वाटलं, आजारी असतील बिचारे. दुसऱ्या दिवशी वाटलं, डोक्यात फरक असेल. तिसऱ्या दिवशी कळलं, की आमच्या मजल्यावरची सर्वर रूम त्यांच्याच ताब्यात आहे आणि मला रोज त्यांच्या दारात उभं राहायचं आहे.

‘सर’ला तिकडे ‘सार’ म्हणतात. आमच्या ऑफिसात सार पुष्कळ होते, पण पुढे-मागे नाव न लावता नुसतं ‘सार’ म्हटलं की ते हेच. सर्वर रूममध्ये यंत्रांसाठी एसी कडाक्याचा लावलेला असे. सार सकाळी आठला स्वेटर आणि टोपी चढवून आत शिरत, ते संध्याकाळी कंपनीच्या बसच्या वेळेला बाहेर पडत. मधे कॉफीला येताना टोपी काढायला काय होतं, असं मी एकदा न राहवून विचारलं. काढलेली टोपी टपरीवर राहते, अशा तीन टोप्या गेल्या, म्हणून चौथी डोक्यालाच सांभाळायला दिली आहे, असं त्यांनी मला अगदी गंभीरपणे सांगितलं.

आमची ओळख झाली ती माझ्या तक्रारीमुळे. मी जिन्यात उभी राहून फोनवर आईला मराठीत मनसोक्त गाऱ्हाणी सांगत होते. इथे कुणाला काही कळत नाही या भरवशावर त्यात ऑफिसातल्या लोकांचाही उद्धार चालला होता. फोन ठेवला तर मागे माकडटोपी. मी हबकले. सार म्हणाले, “बाई, तुमी कुठल्या गांवच्या?”

माझं वय तेव्हा तेवीस. ‘बाई’ ऐकून एकदम साठीला पोचल्यासारखं झालं. तुम्ही मराठी कुठे शिकलात, असं मी विचारलं, तेव्हा त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

“शिकलों नाही. अमी मराठीच. फक्त इकडे येऊन फार दिवस झाले.”

फार दिवस म्हणजे तीनशेच्या आसपास वर्षं. त्यांचे पूर्वज तंजावूरला आले ते तिथलेच झाले. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि दोन्हींचा सूर तमिळच. त्यांचं मराठी ऐकलं की एखादं जुनं फर्मान कुणीतरी गाण्याच्या चालीवर वाचतंय असं वाटे. महाराष्ट्रात ते एकदाच गेले होते, पुण्याला, कुणाच्या तरी लग्नाला. तिथले लोक मराठी फार वेगळं बोलतात, असं ते म्हणत, आणि बिघडवलं कुणी हे त्यांच्या आवाजावरून समजे.

ते मराठी लिहीत मात्र तमिळ अक्षरांत. घरात तशीच पद्धत होती. त्यांची एक जाडजूड वही असे, तिच्यात ते सर्वरच्या दुखण्याखुपण्याची रोजची नोंद ठेवत. ऑफिसातल्या तमिळ लोकांना ती वाचता येई पण कळत नसे. मला ती कळली असती, पण वाचता येत नव्हती. त्यामुळे एवढ्या मोठ्या ऑफिसात ती वही उघडी पडलेली असूनही अगदी सुरक्षित होती.

सारांचा एक नियम होता. सर्वर अडला तर लगेच बंद करून चालू करायचा नाही. आमच्याकडे कुठलंही यंत्र अडलं की पहिला उपाय तोच, आणि निम्म्या वेळा तो लागूही पडतो. सारांना त्याचा मनापासून संताप. “झोपलेल्यास हलवून उठवलं की स्वप्न विसरतो तो,” ते म्हणत. “अगोदर स्वप्न विचार.” सर्वरच्या बटणावर त्यांनी कॅलेंडरचा जुना कागद चिकटवला होता, म्हणजे कुणी घाईत बटण दाबायला आलं तर आधी कागद फाडावा लागेल. आमच्या मॅनेजरांनी एकदा तो फाडला. सार त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तेवढ्या दोन दिवसांत त्यांना टपरीवरची कॉफी मात्र न चुकता वर पाठवत राहिले. अबोल्यात कॉफी येत राहिली की माणूस किती कानकोंडा होतो, ते मी त्या दोन दिवसांत पाहिलं.

बटण दाबण्याऐवजी ते प्रश्न विचारत. प्रश्न एकच. काय झालं ते सांगितलं, की ते म्हणणार, “त्याच्या अगोदर?” ते सांगितलं, की पुन्हा, “त्याच्या अगोदर?” तिसऱ्यांदा विचारेपर्यंत बहुतेक लोक चिडत, पण चौथ्यांदा काहीतरी खरं बाहेर पडे. हा प्रश्न ते यंत्रांपुरता ठेवत नसत. मी एकदा त्यांच्यासमोर रडत बसले होते. मला ही नोकरी जमत नाही, मी परत जाते, असं काहीतरी चाललं होतं. त्याच्या अगोदर काय झालं? टीम लीड बाई बोलल्या. त्याच्या अगोदर? मी त्यांना उलट बोलले. त्याच्या अगोदर? सकाळी बस चुकेल म्हणून मी नाश्ता केला नव्हता. सारांनी डबा उघडला. त्यात दहीभात आणि नारत्तंगाई, म्हणजे तिकडच्या महाळुंगासारख्या फळाचं खारट-कडू लोणचं. मी अख्खा डबा संपवला आणि परत जायचा विचार संपला. ते त्या दिवशी काय जेवले, हे विचारायचं मला सुचलं नाही, याची आज लाज वाटते.

आता सर्वरच्या थिजण्याची गोष्ट सांगते, कारण तीत माझी नोकरी जाता जाता राहिली.

आमचं काम असं, की गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी सॉफ्टवेअर एका वेगळ्या सर्वरवर चालवून तपासायचं. तो टेस्ट सर्वर. त्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरची सगळी टीम आमच्या मजल्यावर आली आणि आम्ही दहाबारा होतो ते चाळीस झालो. त्याच सुमारास मीही एक नवा प्रोग्राम लिहिला होता. तो सुरू केला की दोन तास आपणहून एकेक गोष्ट तपासत बसे. मला त्याचा भारी अभिमान होता. आणि त्याच सुमारास सर्वर थिजायला लागला.

थिजायचा म्हणजे बंद नाही पडायचा. पडद्यावर सगळं दिसायचं, पण हलायचं काही नाही. वीसपंचवीस मिनिटं चाळीस माणसं माउस हलवत बसायची. मग कधी आपोआप सुरू व्हायचा, कधी नाही. कधी दिवसाआड, कधी ओळीने तीन दिवस. वेळ ठरलेली नाही, कारण नोंदलेलं नाही. मेमरी बदलली, डिस्क बदलली, केबली बदलल्या. एसीवाला येऊन गेला. बिघाड काही सापडेना. सापडली ती एकच गोष्ट. सर्वर थिजला त्या क्षणी त्यावर कुणाकुणाचं काम चालू होतं याची यादी काढली, की इतर नावं बदलत, पण माझ्या प्रोग्रामचं नाव प्रत्येक यादीत असे, आणि सगळ्यांच्या वर असे.

टीम लीड बाई कडक होत्या पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी मला सगळ्या याद्या दाखवल्या आणि तूच सांग म्हणाल्या. माझ्या पहिल्या सहा महिन्यांची मुदत त्याच महिन्यात संपत होती. नोकरी पक्की करायची की नारळ द्यायचा हे ठरायचं होतं, आणि शुक्रवारच्या सकाळच्या मीटिंगमध्ये ते ठरणार हे मला आडून आडून कळलं होतं. मी माझा प्रोग्राम ओळ न् ओळ चारदा वाचला. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं, इतकी माझी अवस्था झाली होती.

गुरुवारी दुपारी जेवणानंतर मी सारांच्या खोलीत गेले. त्यांच्या एका जुन्या शालीत गुंडाळून मला खुर्चीवर बसवण्यात आलं. ते वही उघडून बसले होते. त्यांनी थिजण्याच्या सगळ्या नोंदी वारांप्रमाणे लावल्या होत्या. मंगळवारच्या मंगळवारी, बुधवारच्या बुधवारी. प्रत्येक वाराची वेळ ठरलेली होती, पण प्रत्येक वाराची निराळी. असं का, ते त्यांनाही उमजत नव्हतं. तीन आठवडे ते त्या कागदांकडे बघत होते.

“तुझा प्रोग्राम तू चालू करतेस कधी?”

“सर्वर रिकामा असतो तेव्हा, सार. दोन तास लागतात ना त्याला. गर्दीत कुणाची अडचण नको म्हणून.”

“रिकामा कधी असतो?”

मला ते तोंडपाठ होतं. सहा महिन्यांच्या अनुभवाने मी वेळा हेरून ठेवल्या होत्या. सोमवारी सकाळी नवाच्या आत, मी घडाघडा सांगू लागले, मंगळवारी तीन ते साडेचार, बुधवारी बारा ते दीड, गुरुवारी दीड ते तीन, शुक्रवारी साडेदहा ते बारा. या वेळांत कुणी नवीन काम सुरूच करत नाही, का ते माहीत नाही, बहुतेक कॉफीला जात असतील.

सारांनी टोपी काढली. मी त्यांचं डोकं पहिल्यांदाच पाहिलं. मग ते हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत हसले. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं तमिळ कॅलेंडर होतं. त्यावर बोट ठेवून त्यांनी मला त्या दिवसाचा एक चौकोन दाखवला. दीड ते तीन.

“बाई, तू राहुकाळ म्हणून दाखवलास. पाढ्यासारखा.”

राहुकाळ आमच्या घरच्या कॅलेंडरवरही बारीक अक्षरात असतो. इस्लामपुरात त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. चेन्नईत मात्र तो दीड तास माणसाच्या अंगात मुरलेला असतो. वार बदलला की वेळ बदलते, आणि त्या वेळात नवं काही सुरू करायचं नाही. आमच्या मजल्यावर याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. सगळे इंजिनिअर. पण कुणाची तपासणी तीन वाजता सुरू करायची झाली तर तो सहज म्हणे, आधी मेल लिहून घेतो. दुसरा म्हणे, कॉफी घेऊन येतो. असे दीड तासात वीसपंचवीस जण साठत, आणि साडेचारच्या ठोक्याला सगळे एकदम बटण दाबत. मी तेवढी परगावची, म्हणून माझा प्रोग्राम त्या शांततेत निवांत चालत असे आणि गर्दी येऊन आदळली की, सगळ्यांच्या आधी सुरू झालेला म्हणून, यादीत सगळ्यांच्या वर सापडे.

मी आनंदाने उभीच राहिले. सारांचं हसू मात्र थांबलं होतं. ते कॅलेंडरकडे बघत होते. एवढी रोजची गोष्ट, आणि मला कशी दिसली नाही, असं काहीतरी पुटपुटले. मग संगणकावर काहीतरी उघडून बराच वेळ वाचत बसले. काय झालं विचारलं तर, उद्या बोलतों, एवढंच म्हणाले.

शुक्रवारी अकरा वाजता मोठ्या खोलीत सगळे जमलो. मॅनेजरांनी सौम्य आवाजात माझा प्रोग्राम आजपासून बंद असं सांगितलं. माझ्या नोकरीबद्दलचा कागद त्यांच्यासमोर होता, वर पेन होतं. सही बारानंतर करतो, तोवर कुणाला काही बोलायचं असेल तर बोला, असं ते म्हणाले.

सार उठले. त्यांनी वही टीम लीड बाईंच्या हातात दिली आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. त्या तमिळ अक्षरं वाचत गेल्या, त्यांना स्वतःला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि मी ऐकून इंग्रजीत सांगत गेले. मंगळवार, साडेचारनंतर चार मिनिटं. बुधवार, दीडनंतर दोन. शुक्रवार, बारानंतर तीन. मला नारळ द्यायला निघालेली बाई आणि मी, दोघी मिळून माझी बाजू वाचत होतो. चौथ्यापाचव्या नोंदीला त्यांचा आवाज बारीक झाला. तमिळ माणसाला त्या वेळा ओळखायला मराठी लागत नाही.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. मॅनेजर म्हणाले, की आपल्याकडे असं कुणी पाळत असेल असं वाटत नाही. सारांनी घड्याळ पाहिलं आणि इंग्रजीत अगदी आदराने विचारलं, की साडेअकरा झाले आहेत, कागद तयार आहे, पेन आहे, मग सही बारानंतर का?

मॅनेजरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. कुणी हो म्हटलं नसतं तर नुसत्या वहीने काय सिद्ध होणार होतं?

मग सारांनीच हात वर केला.

“पहिला मी,” ते म्हणाले. हे मात्र त्यांनी तमिळमध्ये सांगितलं, सगळ्यांना नीट कळावं म्हणून. सगळ्या माहितीची रोज जी प्रत काढून ठेवतात, तो बॅकअप, त्यांनी फार वर्षांपूर्वी लावून दिला होता. लावताना पाच वारांच्या पाच वेळा दिल्या होत्या, राहुकाळ संपला त्या मिनिटाच्या. तो सुरू झाला की थोडा वेळ फायलींना कुलूप घालतो. दहा माणसं होती तोवर चालून गेलं. आता कुलूप लागायला आणि वीसपंचवीस माणसं दारावर धडकायला एकच गाठ पडते आणि सगळेच अडकतात. दोष बाईच्या प्रोग्रामचा नाही, माझा आहे, असं ते उभ्याने म्हणाले. इतकी वर्षं त्या खोलीत कुणाला हात लावू न देणारा माणूस टोपी हातात घेऊन हे सांगत होता.

टीम लीड बाईंनी वही मिटली आणि हात वर केला. मग कोपऱ्यातून एक हात आला, मग दोन, मग मोजायची गरज राहिली नाही. कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी खोली हसायला लागली. मॅनेजर शेवटी हसले. त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला. माझी नोकरी पक्की झाल्याच्या कागदावर त्यांनी त्याच दिवशी सही केली, सव्वाबारा वाजता.

पुढच्या आठवड्यात टीम लीड बाईंनी सगळ्यांना दोन-दोन मिनिटांच्या अंतराने पाळ्या लावून दिल्या. राहिला बॅकअप. तो गर्दी नसताना चालायला हवा, आणि गर्दी कधी नसते हे आता अख्ख्या ऑफिसला पाठ झालं होतं. दुसरा कुणी असता तर त्याने पहाटेची वेळ दिली असती. पण बॅकअप चालताना आपण समोर हवं, हा सारांचा नियम होता. त्यांनी दोन दिवस विचार केला. मग मला तोडगा सांगितला. मंगळवारी राहुकाळातच त्यांची बायको मैलापूरच्या देवळात जाऊन दुर्गेपुढे लिंबाच्या सालीचे दिवे लावते. म्हणजे त्या वेळात आरंभ वर्ज्य आहे, रक्षण नाही. बॅकअप म्हणजे तरी काय, रक्षणच. हे पटवून ते मला देत होते की स्वतःला, हे मी विचारलं नाही.

मंगळवारी तीनला त्यांनी मला बोलावलं. मी शाल गुंडाळून शेजारी बसले. नवी वेळ लागू करायला एकच कळ दाबायची होती. मला म्हणाले, तू दाब, तुला दोष नाही. मी बोट पुढे केलं, तर म्हणाले, नको, बॅकअप माझा आहे. मग त्यांनी पाणी प्यायलं, चष्मा पुसला, टोपी नीट केली आणि एकदाची कळ दाबली. साडेचारला बाहेर एकेकाची पाळी सुरू झाली. पाच वाजले. सर्वर चालत होता. आम्ही दोघं टपरीवर जाऊन कॉफी प्यालो, आणि मी काढून दिलेली शाल सार तिथेच विसरून आले.

आता ते निवृत्त होऊन मैलापूरला असतात. डिसेंबरात संगीत सभांच्या हॉलमध्ये एसी फार असतो, तेव्हा मागच्या रांगेत माकडटोपी दिसली तर ते तेच. मी चेन्नईतच आहे. मोठी कामं मी मुद्दाम राहुकाळात काढते. बँक रिकामी, शोरूम रिकामं, सगळे आपल्याकडे बघायला मोकळे. सारांना हे सांगितलं की ते कानांवर हात ठेवतात, म्हणजे टोपीवर.

ऑफिस सोडताना त्यांनी ती वही मला दिली. तोवर मी बसच्या पाट्या वाचत वाचत तमिळ अक्षरं शिकले होते. पहिल्यांदा मी त्या मंगळवारचं पान उघडलं आणि बोट ठेवून, अडखळत, मोठ्याने वाचलं. “मंगळवार. तीनला बसलों. नऊ मिनिटें भ्यालों. मग दाबलं. बाई शेजारी होती. कांहीं झालं नाही.”